कातडीचे स्वतःचे औषध आणि दुकानातली ट्यूब

सोरायसिसच्या रुग्णाच्या अंगावर जागोजागी त्वचा लाल झालेली, खवले धरलेली आणि भेगाळलेली असते. तरीही त्या त्वचेत जंतुसंसर्ग क्वचितच होतो. उलट इसबाच्या रुग्णाची त्वचा दिसायला कमी बिघडलेली असली, तरी तिच्यात पू धरायला वेळ लागत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना हा फरक जुन्या काळापासून ठाऊक होता. उत्तर जर्मनीतल्या कील येथील विद्यापीठात येन्स-मिखाएल श्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोरायसिसच्या रुग्णांच्या अंगावरून गळून पडणाऱ्या खपल्या गोळा केल्या, त्यांचा अर्क काढला आणि त्यातून एक छोटे प्रथिन वेगळे केले. ई. कोलायसारखे जंतू आणि कॅन्डिडा ही बुरशी या दोहोंना ते मारत होते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रथिनाला आज ‘बीटा डिफेन्सिन-२’ म्हणतात. ज्या खपल्या आपण झाडून केरात टाकतो, त्यांत माणसाच्या शरीराने स्वतः तयार केलेले प्रतिजैविक होते.

पुढच्या काही वर्षांत या शोधाला भावंडे मिळाली, आणि ती आजारी त्वचेत नव्हे तर निरोगी त्वचेत. २००१ साली जर्मनीतल्याच ट्युबिंगेन येथील संशोधकांनी घामात ‘डर्मसिडिन’ शोधले. घर्मग्रंथी ते संसर्गाची वाट न पाहता सतत तयार करतात आणि घामाबरोबर ते सर्वांगावर पसरते. २००२ साली कीलच्याच गटाला निरोगी त्वचेत ‘आरनेज-७’ हे जंतूंना मारणारे प्रथिन मोठ्या प्रमाणात आढळले. २००५ साली त्यांनी आणखी एका कोड्याचे उत्तर दिले. आपल्या हातांचा आतड्यातल्या ई. कोलाय जंतूंशी रोजच संबंध येतो, तरी या जंतूंचा त्वचेला संसर्ग जवळजवळ होत नाही, असे का? निरोगी त्वचेवर ‘सोरायसिन’ नावाचे प्रथिन असते, ते या जंतूंना लागणारे जस्त हिरावून घेते आणि जंतू त्वचेवर मरतात. स्टॅफिलोकॉकसवर मात्र त्याची मात्रा तितकी चालत नाही. प्रत्येक शत्रूसाठी वेगळे हत्यार ठेवणारा हा साठा आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इसबाच्या त्वचेत ‘एलएल-३७’ हे असेच आणखी एक जंतुरोधी द्रव्य आणि बीटा डिफेन्सिन-२ हे दोन्ही सोरायसिसच्या त्वचेपेक्षा पुष्कळ कमी आढळले, तेव्हा सुरुवातीच्या त्या जुन्या निरीक्षणाचाही बराचसा उलगडा झाला.

अशा छोट्या प्रथिनांना पेप्टाइड म्हणतात; ती म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या. एलएल-३७ मध्ये ३७ अमिनो आम्ले असतात आणि सुरुवातीची दोन ल्युसिन असल्यामुळे त्याला ते नाव पडले. या पेप्टाइडांपैकी बहुतेकांवर धन विद्युतभार असतो. जंतूच्या पेशीपटलाची बाहेरची बाजू ऋण भाराची असते, आपल्या पेशींची बाहेरची बाजू जवळजवळ भाररहित असून त्यांच्या पटलात कोलेस्टेरॉलही असते. त्यामुळे पेप्टाइड जंतूकडे ओढले जातात, त्याच्या पटलात घुसतात, पटलाला भोके पडतात आणि आतला ऐवज बाहेर सांडतो. एखाद्या एन्झाइमला नेमके अडवणाऱ्या प्रतिजैविकाला चुकवणे जंतूला तुलनेने सोपे असते, सगळे पटलच बदलणे अवघड. कोट्यवधी वर्षे हे हत्यार बोथट झाले नाही त्याचे हे एक कारण आहे, आणि ते एकटे वापरले जात नाही हे दुसरे. त्वचेचा पृष्ठभाग आम्ल असतो, त्याचा पीएच साधारण पाचच्या आसपास असतो. वरचा थर कोरडा असून सतत झडत असतो. आणि तिथे कायम राहणारे उपकारक जंतूही स्वतःची विषे बनवून घुसखोरांना दूर ठेवतात. २०१७ साली कॅलिफोर्नियात रिचर्ड गॅलो यांच्या गटाने दाखवले, की निरोगी माणसाच्या त्वचेवरचे काही निरुपद्रवी स्टॅफिलोकॉकस असे पेप्टाइड बनवतात जे आपल्या एलएल-३७च्या जोडीने घातक ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ला मारतात. इसबाच्या रुग्णांच्या त्वचेवर असे उपकारक जंतू कमी आढळले.

हे सगळे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे, की आपल्याकडचा त्वचेसंबंधीचा सारा बाजार, औषधांचा आणि साबणांचाही, याच्या नेमक्या उलट समजुतीवर उभा आहे. त्वचा म्हणजे जंतू बसण्याची जागा आणि ती जितकी घासून-मारून काढावी तितके बरे, असे आपल्याला शिकवले जाते. माझे म्हणणे असे आहे, की निरोगी त्वचेची ही संरक्षक व्यवस्था सार्वजनिक आरोग्याचा भाग मानली पाहिजे, आणि तिला मोडणाऱ्या वस्तूंची विक्री व जाहिरात यांवर सरकारने तितक्याच गांभीर्याने नियंत्रण ठेवले पाहिजे जितके ते पिण्याच्या पाण्याबाबत ठेवणे अपेक्षित असते.

सर्वांत मोठे नुकसान औषधांच्या दुकानात होते. माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहे. उन्हाळ्यात आठ-आठ तास जाड कापडाचा गणवेश, खोलीवर चौघे, पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. जांघेत खाज सुटली, गोल चट्टा उठला. आपण ज्याला गजकर्ण किंवा नायटा म्हणतो तो. त्याने कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेचं काहीतरी द्या’ म्हटले आणि दुकानदाराने एक ट्यूब पुढे केली. चिठ्ठी मागितली नाही, चट्टा कुठे आहे हेही विचारले नाही. दोन दिवसांत खाज थांबली, लाली गेली, तो खूश झाला. पंधरा दिवसांनी चट्टा परत आला, आता मोठा होऊन. मग तीच ट्यूब, मग आणखी एक, असे आठ महिने चालले. खोलीवरच्या दोघांनाही त्याने तीच ट्यूब सांगितली.

अशा ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधे एकत्र असतात: एक तीव्र स्टेरॉइड, एक प्रतिजैविक आणि एक बुरशीरोधक. ज्याला खरी गरज आहे ते बुरशीरोधक त्यात असते, पण काम स्टेरॉइड करते, कारण खाज आणि लाली ही प्रतिकारशक्तीच्या हालचालींची लक्षणे असतात आणि स्टेरॉइड त्या हालचालीच थांबवते. बीटा डिफेन्सिन-२सारखी पेप्टाइड बाह्यत्वचेच्या पेशी संकट ओळखल्यावर वाढवतात. ज्या संदेशांमुळे ते वाढते त्याच संदेशांना स्टेरॉइड दाबून टाकते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका प्रयोगात मानसिक ताणामुळे शरीरातील स्टेरॉइड संप्रेरके वाढली, की त्वचेतले जंतुरोधी पेप्टाइड घटतात आणि संसर्ग अधिक तीव्र होतो, हे दिसले. प्रयोगशाळेत सोरायसिन, आरनेज-७ आणि एलएल-३७ ही पेप्टाइड त्वचेच्या बुरशीला रोखतात असेही आढळले आहे. म्हणजे आपण बुरशीवर औषध लावतो आणि त्याच बोटाने त्वचेचे स्वतःचे औषध पुसून टाकतो. बुरशी आता निवांत पसरते, पण बाहेरून ओळखू येत नाही. चट्ट्याची कड पुसट होते आणि डॉक्टरही फसतो. ट्यूब थांबवली की दाबलेला दाह उसळून येतो आणि रोग्याला वाटते की औषध सोडल्यामुळेच बिघडले. भाच्याला शेवटी त्वचारोगतज्ज्ञाकडे नेले, तेव्हा ट्यूब बंद केल्यावर तीन आठवडे त्याला खाजेने झोप लागली नाही. त्यानंतर काही महिने गोळ्या.

स्टेरॉइड मलम हे वाईट औषध आहे असे मी म्हणत नाही. योग्य निदान करून, योग्य तीव्रतेचे, ठरावीक दिवस वापरले तर इसबाच्या मुलाला ते झोप देते, आणि बिघडलेली त्वचा सावरली की तिच्यातला जंतुसंसर्गही कमी होतो. माझा आक्षेप आहे तो निदान न करता तीन औषधे एका नळीत कोंबून ती साबणासारखी विकण्याला. प्रतिजैविक त्यात कशासाठी असते? गजकर्णात जंतू नसतात, बुरशी असते. ते प्रतिजैविक फक्त त्वचेवरच्या त्या उपकारक स्टॅफिलोकॉकसना मारते आणि उरलेल्यांना प्रतिकार शिकवते.

याची किंमत देशाने मोजली आहे. गेल्या दशकात साध्या गजकर्णाचे भारतात हट्टी, वारंवार उलटणाऱ्या साथीत रूपांतर झाले. ती बुरशी वेगळी आहे हे लक्षात आल्यावर २०२० साली जपानी संशोधकांनी तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे मुख्य औषध चालत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये तिचे रुग्ण आढळल्याची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने केली, आणि त्यांपैकी एका रुग्णाने परदेशप्रवास केलेला नव्हता. आपल्या देशाचे नाव एका रोगजंतूला कायमचे चिकटले, याचे मला वाईट वाटते. त्याला उष्ण-दमट हवा, घट्ट कपडे आणि गर्दीची घरे कारणीभूत आहेतच, पण मलमांचा हा सैरभैर वापर मोठा वाटेकरी आहे, असे भारतातील त्वचारोगतज्ज्ञांची संघटना वर्षानुवर्षे सांगत आली आहे. तिने या गैरवापराविरुद्ध स्वतंत्र कृतिदलही नेमले.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली गेली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येणार नाहीत असे ठरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ औषधमिश्रणांवर बंदी आली आणि त्यांत काही त्वचेची मलमेही होती. पण बंदी घातलेल्या मिश्रणातला एक घटक बदलला की नवे मिश्रण तयार होते, आणि चिठ्ठीची अट कागदावर असते. कायदा राबवायचा तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, औषध निरीक्षकांमार्फत. मी राहतो त्या परिसरातल्या एकाही दुकानात मला अशा ट्यूबसाठी चिठ्ठी मागितलेली दिसलेली नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. त्वचारोगतज्ज्ञ शहरात असतो, त्याची फी असते, त्यासाठी दिवसाची मजुरी बुडते. ज्याला हे परवडत नाही त्याच्यासाठी मेडिकलवालाच डॉक्टर आहे. चिठ्ठीची सक्ती केली तर गरिबाची खाज कोण थांबवणार? माझे उत्तर असे, की गजकर्णासाठी एकाच बुरशीरोधक घटकाचे, उदाहरणार्थ क्लोट्रिमाझोलचे, साधे मलम सर्वत्र स्वस्तात आणि विनासायास मिळावे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला गजकर्ण ओळखून पुरेसे दिवस औषध देण्याचे प्रशिक्षण मिळावे. साध्या मलमाने खाज दोन दिवसांत नाही, दहा दिवसांत थांबेल; तेवढे सांगण्याचे काम दुकानदाराने करावे. आज गरिबाला स्वस्त उपचार म्हणून जे दिले जाते ते आठ महिन्यांच्या ट्यूबांचा हिशेब मांडला तर स्वस्तही ठरत नाही. आणि हे दुकानदारावरच ढकलून चालणार नाही, कारण अशीच मिश्रणे चिठ्ठीवर लिहून देणारे डॉक्टर पुष्कळ आहेत.

साबणांचा प्रश्न तुलनेने थोडक्यात संपतो. हात साबणाने धुणे जीव वाचवते. स्वयंपाकापूर्वी, शौचानंतर, बाळाला हात लावण्यापूर्वी ते केलेच पाहिजे आणि त्याला साधा साबण पुरतो. २०१६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बन यांसह १९ घटकांवर घरगुती जंतुनाशक साबणांत बंदी घातली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक उपयोगी असल्याचा पुरावा कंपन्यांना देता आला नाही. आपल्याकडे मात्र ‘९९.९ टक्के जंतू’ मारण्याचे आश्वासन देत, शाळेतून आलेल्या मुलाच्या हातावर भिंगाखाली वळवळणारे हिरवे किडे दाखवणाऱ्या जाहिराती निर्वेध चालू आहेत. कोणते जंतू, किती वेळात, कोणाच्या त्वचेवर, हे विचारण्याची सोय प्रेक्षकाला नाही. वडीचा नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो. तो सर्वांगाला दिवसातून दोनदा खसखसून लावला की त्वचेची आम्लता काही काळ जाते आणि तिच्यातले तेलही निघून जाते. निरोगी माणसाची त्वचा काही तासांत सावरते. इसब असलेल्या मुलाची सावरत नाही, आणि नेमक्या त्याच मुलाची आई जाहिरात पाहून सर्वांत ‘जालीम’ साबण आणते.

बाळाच्या पहिल्या आंघोळीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ती गोष्ट आपल्या घरातली आहे. जन्माला येणाऱ्या बाळाच्या अंगावर पांढरा, लोण्यासारखा चिकट लेप असतो. डॉक्टर त्याला व्हर्निक्स म्हणतात. पूर्वी तो घाण समजून पुसला जाई. २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी त्यात आणि नवजात बाळाच्या त्वचेत एलएल-३७ आणि इतर जंतुरोधी पेप्टाइड असल्याचे दाखवले. गर्भातल्या निर्जंतुकप्राय जगातून जंतूंनी भरलेल्या जगात येताना बाळ अंगभर औषध लावूनच येते. जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच बाळाची पहिली आंघोळ २४ तासांनंतर करावी असे सांगते, आणि रीतीरिवाजांमुळे ते जमत नसेल तर निदान सहा तास थांबावे असे सुचवते. ‘रीतीरिवाजांमुळे’ हा शब्द वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घरची न्हाणी येते: पाटावर पाय लांब करून बसलेली मावशी, तिच्या पायांवर पालथे घातलेले बाळ, बाजूला घंगाळात कढत पाणी, वाटीत दुधाची साय आणि हरभऱ्याच्या डाळीचे पीठ. ते पीठ ती बाळाच्या पाठीला, काखेत, जांघेत असे चोळी की अंगावरची लव आणि तो पांढरा लेप दोन्ही निघून येत, आणि ‘आता कसं लख्ख झालं’ असे म्हणत ती बाळ आजीच्या हाती देई. त्या मावशीच्या हातांत माया होती, आणि तेल लावून हलक्या हाताने चोळण्याचा बाळाला फायदाही होतो. मला ती रीत मोडायची नाही. प्रसूतीनंतर घरी जाताना परिचारिकेने आणि नंतर घरी येणाऱ्या आशाताईंनी एवढेच सांगावे, की पहिला दिवस बाळाला न्हाऊ घालू नका, आणि लेप चोळून काढू नका. तो आपोआप जिरतो.

आता उलट बाजूचाही धोका सांगतो. त्वचेतले पेप्टाइड ‘नैसर्गिक’ आहेत म्हणून ते कितीही वाढवले तरी चांगलेच, अशी समजूत करून देणाऱ्या क्रीम उद्या बाजारात आल्या तर त्याही तितक्याच दिशाभूल करणाऱ्या असतील. २००७ सालच्या दोन संशोधनांनी हे स्पष्ट केले आहे: चेहरा लाल करणाऱ्या रोझेशियात याच एलएल-३७च्या कुटुंबातले पेप्टाइड प्रमाणाबाहेर आणि चुकीच्या तुकड्यांत आढळतात, आणि सोरायसिसमध्ये एलएल-३७ आपल्याच पेशींच्या डीएनएला चिकटून प्रतिकारशक्तीला विनाकारण भडकवते. या व्यवस्थेचे बळ प्रमाणात आहे.

त्याहून गंभीर प्रश्न या पेप्टाइडपासून औषधे बनवण्याचा आहे. १९८७ साली मायकल झॅस्लॉफ यांनी आफ्रिकी बेडकाच्या कातडीतून ‘मॅगेनिन’ वेगळे केले. शस्त्रक्रिया केलेले बेडूक घाणेरड्या पाण्याच्या टाकीत सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले होते. जंतूंना अशा पेप्टाइडविरुद्ध प्रतिकार कमावणे जवळजवळ अशक्य आहे, असे त्यांना वाटत होते. उत्क्रांतिशास्त्रज्ञ ग्रॅहम बेल यांनी २००३ साली याविरुद्ध इशारा दिला: असे औषध सर्रास वापरले तर जंतू त्या औषधालाच नव्हे, तर आपल्या त्वचेतल्या पेप्टाइडलाही निर्ढावतील. मग झॅस्लॉफ आणि बेल यांनी एकत्र येऊन प्रयोग केला. मॅगेनिनपासून बनवलेल्या पेक्सिगननच्या सान्निध्यात जंतू वाढवले, तेव्हा सहाशे-सातशे पिढ्यांत त्यांच्यात प्रतिकार निर्माण झाला. आपले मत चुकीचे ठरेल अशा प्रयोगात स्वतःहून सामील होणाऱ्या शास्त्रज्ञाबद्दल मला नितांत आदर वाटतो.

हा धोका प्रयोगशाळेपुरता नाही. कोलिस्टिन हे प्रतिजैविकसुद्धा पेप्टाइडच आहे आणि ते कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यातून दिले जाई. २०१५ साली चीनमध्ये त्याच्याविरुद्धचा प्रतिकार एका जंतूकडून दुसऱ्याकडे नेणारा ‘एमसीआर-१’ जनुक सापडला. भारताने २०१९ साली पशुखाद्यातल्या कोलिस्टिनवर बंदी घातली. २०२३ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवले, की हा जनुक असलेले ई. कोलाय प्राण्यांच्या आणि माणसाच्या स्वतःच्या पेप्टाइडपुढेही अधिक तग धरतात. बेल यांचा इशारा वीस वर्षांनी असा खरा ठरला. म्हणून अशा प्रत्येक नव्या औषधाला परवानगी देताना ते आपल्या त्वचेच्या स्वतःच्या पेप्टाइडना निकामी करते का, ही चाचणी सक्तीची असावी. आणि ती औषधे रुग्णालयाच्या बाहेर, मलमात आणि साबणात, येताच कामा नयेत.

पण नव्या औषधांसाठी नियम करताना जुन्याचे विसरू नये. तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीरोधक यांचे एकत्र मिश्रण, घटक कोणतेही असोत, एक वर्ग म्हणूनच बंद करावे, म्हणजे नाव बदलून परत येण्याची वाट राहणार नाही. स्टेरॉइड असलेल्या प्रत्येक ट्यूबच्या पुढच्या बाजूला, महाराष्ट्रात विकली जात असेल तर मराठीत, ठळक लाल अक्षरांत ‘यात स्टेरॉइड आहे, गजकर्णावर लावू नये’ असे छापलेले असावे. भाच्याची चामडी बरी झाली, पण जांघेत पांढरट ताणाचे वळ उमटले आहेत आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते जाणार नाहीत. त्याची रिकामी ट्यूब मी जपून ठेवली आहे. क्लोबेटासॉल हे त्या तीव्र स्टेरॉइडचे नाव तिच्यावर आहे; ट्यूबच्या मागे, इंग्रजीत, घडी घातलेल्या टोकाशी, इतक्या बारीक अक्षरांत, की ते वाचायला मला भिंग घ्यावे लागले.